वावडें : एका दुखण्याचा व त्याच्या उपायांचा इतिहास

आपल्या मराठी भाषेंत ‘वावडें’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. कोणाला वांग्याचें वावडें असतें, कोणाला मासळीचें, तर कोणाला खरें बोलण्याचें. जी वस्तु दहा जणांस निमूट सोसते ती अकराव्याला सोसत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांत वस्तूचा अपराध नसतो, माणसाचाही नसतो. दोघांची गांठ पडते तेव्हांच काय तें बिघडतें. वैद्यकांत ज्याला आज ‘ॲलर्जी’ म्हणतात त्याची याहून सुटसुटीत व्याख्या मला तरी मिळालेली नाहीं. हा परदेशी शब्द अवघा १९०६ सालचा आहे. व्हिएन्ना शहरांतील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं दोन ग्रीक शब्दांची जोड करून तो बनविला. शब्द नवा असला तरी दुखणें नवें नाहीं, आणि त्यावरील उपायांची खटपट तर फारच जुनी आहे. त्या खटपटीचा इतिहास मी आज आपणांपुढें ठेवणार आहें.

हा विषय मीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. मी राहणारा वर्ध्याला लागून असलेल्या बोरगांव मेघे या गांवचा. सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे हीं आमचीं शेजारचीं गांवें. आज या साऱ्या गांवांना शहरानें आपल्या पोटांत ओढून घेतलें आहे. पण मी लहान होतों तेव्हां घराच्या मागील दारांतून निघालें कीं थेट वावरांत पाऊल पडे. काळी जमीन, कपाशी आणि तूर, आणि पावसाळ्यांत निंदणाची घाई. त्या निंदणांत हळूहळू एक नवें गवत येऊं लागलें. पानें गाजराच्या पानांसारखीं कातरलेलीं, शेंड्यावर पांढऱ्या फुलांचे बारीक ठिपके. गुरें त्याला तोंड लावीत नसत. आम्हीं मुलांनीं मात्र त्याचीं फुलें खेळांत तांदूळ म्हणून पुष्कळ वापरलीं.

माझे मोठे वडील, म्हणजे वडिलांचे थोरले बंधु, यांना त्या गवतानें गांठलें. प्रथम पावसाळ्यांत पापण्या सुजत, मानेवर आणि कोपरांच्या घडींत खाज सुटे, आणि दिवाळी उलटली कीं सारें ओसरे. चारपांच वर्षांत तें ओसरेनासें झालें. चेहऱ्याची कातडी काळवंडली व जाड झाली, कपाळाला खोल वळ्या पडल्या, कानांच्या पाळ्या फुगल्या. आमच्या जिल्ह्यांत अशा चेहऱ्याचा अर्थ लावावयास कोणाला पंडित लागत नसे. लोकांनीं तो परस्पर लावला. आमच्या घरचें पाणी पिण्याचें लोक टाळूं लागले. पंगतींत मोठ्या वडिलांचें पान कडेला पडूं लागलें. माझ्या धाकट्या चुलत बहिणीचें ठरत आलेलें लग्न कोणी कांहीं न बोलतां मोडलें. ‘महारोग’ हा शब्द आमच्या अंगणांत कोणीं उच्चारला नाहीं. त्याची गरजही नव्हती. या कथेचा शेवट मी पुढें सांगेन. तूर्त आपण या दुखण्याच्या इतिहासाकडे वळूं.

आपल्या प्राचीन वैद्यांना वावड्याचीं लक्षणें उत्तम ठाऊक होतीं. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वास म्हणजे आजचा दमा, असें बहुतेक विद्वान मानतात. आभाळ आलें, पाऊस पडला, थंडी वाढली किंवा पूर्वेचा वारा सुटला कीं हा श्वास बळावतो. रोग्याला आडवें पडवत नाहीं, उठून बसल्यावर बरें वाटतें, असें त्याचें वर्णन आहे. दमेकऱ्याच्या उशाशीं ज्यानें एखादी रात्र काढली आहे तो हें वर्णन वाचून मान डोलवील. माधवनिदानांत शीतपित्ताचें प्रकरण आहे. गार वारा लागून अंगावर गांधीलमाशी चावल्यासारखे फोड उठतात, खाज व टोंचणी लागते, असें तेथें म्हटलें आहे. आपण ज्याला ‘अंगावर पित्त उठणें’ म्हणतों तेंच हें.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वैद्यांनीं रोगांची केलेली वांटणी. कांहीं रोग साध्य, कांहीं असाध्य. आणि या दोहोंच्या मध्यें त्यांनीं एक तिसरा वर्ग ठेवला, तो ‘याप्य’. याप्य म्हणजे जो मुळासकट जात नाहीं, पण पथ्य व औषध यांच्या आधारानें ज्याला आवरून धरतां येतें, असा रोग. तमकश्वास हा नवा असेल तर साध्य, एरव्हीं याप्य, असें चरकाचें मत आहे. वावड्याच्या सर्व आधुनिक उपचारांचें सार या एका शब्दांत आहे, म्हणून श्रोत्यांनीं तो लक्षांत ठेवावा. मात्र एका बाबतींत जुन्या ग्रंथांनीं पुढच्यांसाठीं घोंटाळाही करून ठेवला. ‘कुष्ठ’ या एका नांवाखालीं त्यांनीं अठरा प्रकार घातले, आणि त्यांत महारोगासारख्या भयंकर रोगापासून खरूज, गजकर्ण, इसब यांपर्यंत सारें आलें. ग्रंथकारांना त्यांतील भेद कळत होता. लोकव्यवहारांत भेद पुसला गेला आणि भीति तेवढी उरली.

घरगुती उपाय तर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. अंगावर पित्त उठलें कीं आमसुलें भिजवून तें पाणी अंगाला चोळावयाचें, हळद घ्यावयाची, दम्याला अडुळशाचा काढा. कोजागिरीच्या रात्रीं चांदण्यांत ठेवलेल्या खिरींतून दमेकऱ्यांना औषध देण्याची चाल आपल्याकडे अनेक ठिकाणीं आहे. या उपायांची थट्टा करणें सोपें आहे, पण इतिहास थट्टेला फारसा अनुकूल नाहीं. अडुळशांतील द्रव्यावरून पुढें ब्रोमहेक्झिन नांवाचें कफ पातळ करणारें औषध तयार झालें, तें आजही दुकानांत मिळतें. धोत्र्याची हकीकत याहून मनोरंजक आहे. दक्षिण हिंदुस्थानांत दमेकरी धोत्र्याचा धूर ओढीत. मद्रासेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. अँडरसन यांनीं हा उपाय पाहिला, आणि १८०२ च्या सुमारास जनरल जेंट यांच्यामार्फत तो विलायतेस पोंचला. पुढें शंभरांहून अधिक वर्षें युरोपांतले दमेकरी धोत्र्याच्या विड्या ओढीत होते. धोतरा विषारी आहे, मात्रा चुकली कीं भ्रम होतो व प्राणही जातो. म्हणून आज कोणीं तो प्रयोग करूं नये. पण त्यांतील ॲट्रोपिनच्या जातीचीं, सुधारून निर्धोक केलेलीं द्रव्यें आजच्या दम्याच्या फवाऱ्यांत आहेत.

आतां युरोपाकडे वळूं. १८१९ सालीं लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनीं वैद्यांच्या एका सभेपुढें एका रोग्याची हकीकत वाचली. दर वर्षीं जून महिन्यांत त्या रोग्याचे डोळे लाल होत, शिंकांचा भडिमार सुरू होई आणि छाती दाटे. हा रोगी म्हणजे स्वतः बोस्टॉकच होते. त्यांनीं स्वतःवर केलेल्या उपायांची यादी वाचली म्हणजे दया येते : रक्त काढणें, रेच, फोड उठविणें, अर्धपोटीं राहणें, सिंकोनाची साल, लोह, अफू, पारा, थंड पाण्याचीं स्नानें. गुण कशानेंच आला नाहीं. पुढील नऊ वर्षें शोध करून त्यांनीं १८२८ सालीं आणखी अठ्ठावीस रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. लोक या दुखण्याला वाळलेल्या गवताचा ताप म्हणूं लागले होते. बोस्टॉक यांना मात्र तें पटलें नाहीं. दोष उन्हाळ्याच्या उष्म्याचा, असेंच ते मानीत राहिले. या एका बाबतींत डॉक्टरांपेक्षां लोक बरोबर होते.

तें सिद्ध करून दाखविलें मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं. तेही या दुखण्यानें गांजलेले. निरनिराळ्या गवतांचे परागकण ते स्वतःच्या नाकांत ओढीत, कातडीला ओरखडा काढून त्यावर चोळीत, आणि काय होतें तें लिहून ठेवीत. हवेंत उंचावर पराग असतात कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं चिकट कांचा बांधून पतंग उडविले. १८७३ सालच्या त्यांच्या ग्रंथानें परागांचा अपराध निश्चित केला. ब्लॅक्ली यांनीं एक चमत्कारिक गोष्ट नमूद केली आहे. ज्यांचा परागांशीं सर्वांत जास्त संबंध, त्या शेतकऱ्यांना हें दुखणें क्वचित होई. शहरांतल्या शिकल्यासवरल्या मंडळींना मात्र फार. आमच्या वर्ध्याकडे गवतानें नेमका शेतकरीच गांठला. असें उलटें कां व्हावें, याचा उलगडा पुढें होईल.

विसाव्या शतकाच्या आरंभीं दोन शोध लागले. फ्रान्सचे शार्ल रिशे व पोल पोर्तिये यांनीं १९०२ सालीं दाखविलें कीं, एखादें विष कुत्र्याला थोडें टोंचलें आणि कांहीं आठवड्यांनीं पुन्हां त्याहूनही थोडें टोंचलें, तर दुसऱ्या वेळीं कुत्रा कांहीं मिनिटांत दगावतो. पहिल्या टोंचणीनें शरीर सुरक्षित व्हावें अशी अपेक्षा. झालें तें उलटें. रिशे यांना याबद्दल १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. शरीराचें रक्षण करणारी जी शक्ति, तीच कधीं कधीं शरीरावर उलटते, हा विचार यांतून जन्मास आला. आणि त्या उलटण्याला नांव हवें म्हणून पिर्के यांनीं तो नवा शब्द घडविला.

दुसरा शोध उपायाचा. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांतील लेनर्ड नून यांनीं १९११ सालीं गवताच्या परागांचा अर्क अत्यंत सूक्ष्म मात्रेंत रोग्यांना टोंचावयास सुरुवात केली, आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेली. त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनीं तें काम पुढें चालविलें. परागांत विष असतें व टोंचल्यानें त्याचा उतारा शरीरांत तयार होतो, अशी नून यांची समजूत होती. समजूत चुकीची निघाली, उपाय मात्र टिकला. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी नाकाच्या वावड्यावर, दम्याच्या कांहीं प्रकारांवर आणि मधमाशीच्या दंशावर हीच पद्धत वापरली जाते; अलीकडे टोंचण्याऐवजीं जिभेखालीं थेंब किंवा गोळी ठेवूनही ती देतात. तिला तीन ते पांच वर्षांची चिकाटी लागते, आणि मात्रा देतांना डॉक्टर जवळ असावा लागतो. पण आवरून धरण्याच्या पलीकडे जाऊन शरीराला नवी संवय लावूं पाहणारा उपाय हाच होय.

यानंतर औषधांचा काळ आला. वावड्याच्या वेळीं शरीरांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य मोकळें होतें व त्यानें सूज, खाज आणि शिंका येतात, हें हेन्री डेल वगैरे संशोधकांच्या १९१० नंतरच्या कामावरून कळूं लागलें होतें. त्याला अडविणारें पहिलें द्रव्य पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत दानिएल बोव्हे व आन-मारी श्ताउब यांनीं १९३७ सालीं शोधलें. तें माणसांना देण्याजोगें नव्हतें; पण १९४२ पासून माणसांना चालतील अशीं औषधें निघालीं. बोव्हे यांना १९५७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पहिल्या औषधांनीं खाज जाई, पण त्याबरोबर शुद्धही जाईल कीं काय असें वाटे, इतकी झोंप येत असे. ही खोड पुढच्या पिढीच्या औषधांत पुष्कळशी गेली.

१९४८ सालीं अमेरिकेंत फिलिप हेंच यांनीं सांधे धरलेल्या एका रोगिणीला कॉर्टिझोन टोंचलें आणि ती उठून चालूं लागली. दोन वर्षांत हेंच, केंडाल व राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळालें. दमा आणि कातडीचे रोग यांवरही या औषधाचा गुण दिसला. १९५२ पासून त्याच्या वर्गांतील मलमें आलीं. ‘स्टेरॉइड’ या नांवानें हा वर्ग आतां खेड्यापाड्यांत पोंचला आहे. यासारखें तत्काळ गुणकारी औषध नाहीं, आणि यासारखें बेतानें वापरावयाचें औषधही नाहीं. माझ्या मोठ्या वडिलांना बाजाराच्या दिवशीं येणाऱ्या एका फिरत्या औषधवाल्यानें कागदाच्या पुडींत बारीक गोळ्या दिल्या. आठ दिवसांत कातडी उजळली. आम्हीं त्याला देव मानलें. सहा महिन्यांनीं तोंड चंद्रासारखें गोल झालें, लघवींत साखर उतरूं लागली, आणि गोळ्या थांबविल्या कीं दुखणें दुप्पट उसळून येई. पुडींत काय होतें, तें आम्हांला पुष्कळ उशिरां कळलें.

येथें एक शास्त्रीय भेद सांगणें अवश्य आहे, कारण सारा उपचार त्यावर अवलंबून आहे. वावडीं मुख्यतः दोन जातींचीं. पहिल्या जातींत कांहीं मिनिटांतच शिंका, दमा किंवा पित्त उठतें. रक्तांतील ज्या पदार्थामुळें हें घडतें तो इशिझाका या जपानी पतिपत्नींनीं अमेरिकेंत, आणि त्याच सुमारास स्वीडनमधील संशोधकांनीं, १९६६-६७ सालीं ओळखला. दुसऱ्या जातींत मात्र रक्तांतील द्रवाचा संबंध नसतो. लँडश्टायनर व चेस यांनीं १९४२ सालीं गिनीपिगांवर प्रयोग करून दाखविलें कीं, कातडीचें हें वावडें एका प्राण्यांतून दुसऱ्यांत जातें तें जिवंत पेशींबरोबर. तें उमटावयास एकदोन दिवस लागतात; म्हणून कशानें झालें तें रोग्याला उमगत नाहीं. हिस्टामिन अडविणाऱ्या गोळ्यांचाही त्यावर फारसा जोर चालत नाहीं. ब्लॅक्ली यांच्या शहरी रोग्यांचें दुखणें पहिल्या जातीचें, तर आमच्या शेतकऱ्याचें दुसऱ्या जातीचें. तेथें पराग नाकांत जाई. येथें गवत वर्षानुवर्षें हातांना, मानेला आणि चेहऱ्याला घांसत होतें.

आतां त्या गवताची कुळकथा. त्याचें मूळ ठिकाण मेक्सिकोच्या आखाताभोंवतींचा मुलूख. शास्त्रीय नांव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, तें लिनियस यांनीं १७५३ सालीं दिलेलें. पुण्यांत कचऱ्याच्या ढिगांवर हीं झाडें १९५१ सालीं दिसल्याची नोंद आहे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनीं १९५६ सालीं हिंदुस्थानांतील नवी वनस्पति म्हणून पुण्याहूनच त्याची माहिती प्रसिद्ध केली. लोकांनीं त्याला गाजरगवत, चटकचांदणी, आणि पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून काँग्रेस गवत, अशीं नांवें दिलीं. पी. एल. ४८० या करारानें अमेरिकेहून आलेल्या गव्हांतून हें गवत आलें, असें सर्वत्र सांगतात. पण तारखा जुळवून पाहाव्या. तो कायदा अमेरिकेंत १९५४ सालीं झाला व आपल्याशीं करार १९५६ च्या ऑगस्टमध्यें. गवत पुण्यांत त्यापूर्वींच उगवलें होतें. तेव्हां त्या गव्हानें गवताचा प्रसार वाढविला असेल. पहिलें दार मात्र त्यानें उघडलेलें नाहीं.

एकेका झाडाला हजारों बिया धरतात. त्या इतक्या हलक्या कीं वारा, पाणी, गाड्यांचीं चाकें आणि गुरांचे खूर सर्वजण त्यांची वाहतूक करतात. पुढील वीस वर्षांत रस्ते, लोहमार्ग व पडीक जमिनी यांच्या कडेकडेनें तें देशभर पसरलें. आणि पुण्यांतील त्वचारोगतज्ज्ञांकडे एक नवाच रोगी येऊं लागला : उघड्या अंगावर इसब, पापण्या सुजलेल्या, मान खरखरीत, बहुतेक पुरुष आणि बहुतेक उघड्यावर काम करणारे. डॉ. लोणकर यांनीं या रोगाचा संबंध गाजरगवताशीं जोडला आणि १९७४ सालीं परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्यावर सविस्तर निबंध लिहिला. गवताच्या अंगावरील बारीक केंसांत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें, तेंच या रोगाचें मूळ. झाड वाळलें तरी त्याचा भुगा हवेंत उडतो, त्यामुळें गवताला हात न लावणाऱ्यालाही तो गांठतो. जगाच्या वैद्यकीय ग्रंथांत या दुखण्याचें नांव निघालें कीं पुण्याचें नांव निघतें.

या रोगाची परीक्षा सोपी आहे, आणि ती १८९५ पासूनची आहे. योझेफ याडासोन नांवाच्या जर्मन वैद्यानें ती सुरू केली. संशयित पदार्थ पाठीला चिकटपट्टीनें लावावयाचे, दोन दिवस तसेच ठेवावयाचे, आणि पट्टी काढून एकदां व पुन्हां एकदोन दिवसांनीं पाहावयाचें. जेथें लाली व पुरळ, तेथें अपराधी. आज आपल्या देशांतील त्वचारोगतज्ज्ञ जे ठरीव पदार्थ लावून पाहतात, त्यांत गाजरगवताचा अर्क असतो.

मोठे वडील मधल्या काळांत गिरगांवांत थोरल्या मुलीकडे जाऊन राहिले होते. दोन महिन्यांत, कोणतेंही औषध न घेतां, कातडी निम्मी निवळली. परत आले आणि पंधरवड्यांत सारें पूर्ववत् झालें. मुंबईचें पाणी मानवलें, असें आम्हीं म्हटलें. पुढें एका तरुण डॉक्टरांनीं त्यांना तपासतांना दोनच प्रश्न विचारले. पहिला, खाज सुटते काय? दुसरा, कापसाचा धागा कातडीवर टेंकवून, हा कळतो काय? खाज तर झोंप येऊं देत नव्हती, आणि धागा डोळे मिटूनही कळत होता. डॉक्टर म्हणाले, “बाबा, महारोगांत चट्टा मुका होतो. तुमची कातडी तर ओरडते आहे.” मग पाठीला पट्टी लागली, तिसऱ्या दिवशीं एका चौकोनांत फोड उठले, आणि दुखण्याला नांव मिळालें.

श्रोतेहो, वर्धा जिल्ह्यांत या नांवाची किंमत फार आहे. येथून जवळच दत्तपूर आहे. मनोहरजी दिवाण यांनीं १९३६ सालीं तेथें महारोग्यांच्या सेवेचें काम उभें केलें. सेवाग्रामांत महात्माजींनीं परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा आपल्या हातांनीं केली. ज्या जिल्ह्यानें महारोग्याला जवळ करण्याचा धडा देशाला दिला, त्याच जिल्ह्यांत केवळ संशयानें माणसाचें पान कडेला पडावें, ही आमची लाज. मोठ्या वडिलांना महारोग असता तरी तें पान कडेला पडावयास नको होतें, हें मला मोठेपणीं कळलें. त्यांना मात्र तेव्हां कागद हवा होता. तपासणीचा तो कागद त्यांनीं शेवटपर्यंत ट्रंकेंत, वावराच्या सातबाऱ्याबरोबर ठेवला. कोणी पाहुणा आला कीं तो बाहेर निघे.

आज उपाय काय आहेत? पहिला व मुख्य, दूर राहणें. पूर्ण बाह्या, डोक्याला फडकें, शेतांतून येतांच साध्या पाण्यानें हातपाय व चेहरा धुणें आणि कपडे बदलणें, कोरड्या कातडीला तेल किंवा मलम लावणें, उन्हापासून जपणें. दुसरा, स्टेरॉइडचें मलम किंवा थोड्या दिवसांच्या गोळ्या. पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, आणि स्वतःच्या मनानें न वाढवितां. तिसरा, ॲझाथायोप्रिन. हें औषध मूत्रपिंडाच्या रोपणासाठीं प्रसिद्धीस आलें होतें. नव्वदीच्या दशकापासून चंडीगड व दिल्ली येथील डॉक्टरांनीं तें या गवताच्या रोग्यांना देऊन पाहिलें, आणि स्टेरॉइडचा भार त्यामुळें पुष्कळ हलका झाला. तें घेतांना रक्ताची तपासणी ठराविक मुदतीनें करावीच लागते. नून यांच्या धर्तीवर गवताचा अर्क तोंडानें देऊन शरीराला संवय लावण्याचे प्रयोगही चंडीगडला झाले आहेत. कांहीं रोग्यांना गुण आला, परंतु तो अद्याप सर्रास उपचार झालेला नाहीं. यांतला एकही उपाय रोग समूळ नेत नाहीं. चरकाचा शब्द येथें तंतोतंत लागू पडतो : याप्य. आवरून धरावयाचें, आणि आवरून धरलें तर माणूस वावरांत उभा राहतो.

रोग्याचा उपचार झाला, तसा गवताचाही केला पाहिजे. मेक्सिकोहून आणलेला एक भुंगेरा १९८४ सालीं बंगलोरकडे सोडण्यांत आला. झायगोग्रामा हें त्याचें नांव. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताचीं पानें खातात. पावसाळ्यांत त्याची फौज वाढते, कोरड्या दिवसांत तो जमिनींत दडून बसतो. त्यामुळें सारें काम त्याच्यावर सोंपवून चालत नाहीं. आमच्याकडील तरोटा हाही या कामीं उपयोगी आहे. पडीक जागीं त्याचें बी फेंकलें तर तो दाट उगवून गाजरगवताला वाढूं देत नाहीं. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे फूल येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, मुळासकट उपटणें. हातांत मोजे किंवा निदान पिशवी हवी, नाकातोंडावर फडकें हवें. आणि ज्याला एकदां खाज सुटली आहे, त्यानें या कामांत पडूं नये. फुलापूर्वीं उपटलेल्या गवताचें खत होतें. फुलावर आलेलें गवत खताच्या खड्ड्यांत टाकलें तर आपणच त्याची पेरणी केली असें होतें.

हें काम एकट्याच्या हातून होणारें नाहीं. मीं माझें वावर निंदलें आणि शेजाऱ्यानें धुरा तसाच ठेवला, तर माझे कष्ट पुढच्या पावसांत वाहून येणाऱ्या बियांखालीं गाडले जातात. वावरापेक्षांही मोकळे भूखंड, रस्त्यांच्या कडा, शाळांचीं कुंपणें येथें त्याची खरी वस्ती आहे, आणि त्या जागांना धनी नसतो. ऑगस्ट महिन्यांत जबलपूरच्या तण-संशोधन संस्थेच्या पुढाकारानें गाजरगवताच्या जागृतीचा सप्ताह पाळला जातो. तो सप्ताह योग्य वेळीं येतो; फक्त भाषणें आटोपल्यावर खालीं वांकावें लागतें.

मोठे वडील अखेरपर्यंत श्रावणांत आम्हां मुलांना गवत उपटावयास लावीत. स्वतः दूर ओट्यावर, डोक्याला फडकें बांधून बसत, आणि कोणतें रोप सुटलें तें काठीनें दाखवीत. “फूल येऊं देऊं नका रे,” एवढेंच त्यांचें सांगणें असे. आमच्या दारासमोरच्या मोकळ्या भूखंडावर यंदाही तें गवत हातभर वाढलें आहे. अजून फूल आलेलें नाहीं.